पनवेलच्या शेतात आमच्या बासऱ्या

पनवेलहून आल्यापासून गल्लीतल्या बायका विचारतात, "काय काय बघितलंस गं?" मी म्हणते, "बघितलं की." मग त्या पारूताईकडे जातात आणि ती त्यांना दीड तास सांगते. पारूताईचं सांगणं रंगतदार असतं, पण त्यातला खेकडा दर वेळी थोडा मोठा होतो. मला चारचौघांत बोलता येत नाही. चौथीपर्यंत शाळा झाली, तेवढ्यावर लिहिता मात्र येतं. म्हणून जसं झालं तसं लिहून ठेवते.

कोल्हापुरात पेठेपेठेचा फुटबॉल संघ असतो. सामन्याच्या दिवशी घरात दूध उतू गेलं तरी कोणी उठत नाही. आमच्या गल्लीचाही संघ आहे, जांभळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा. बाकीच्या गल्ल्या आपल्या संघामागून हलगी आणि ताशे घेऊन जातात. आमची गल्ली बासऱ्या घेऊन जाते. हे खूळ बापूंचं. बापू साखर कारखान्याच्या बँडात होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी गल्लीतल्या बायकांना आणि एकदोन निवृत्त माणसांना गोळा केलं, आडव्या बासऱ्या हातात दिल्या आणि पावलं टाकायला शिकवलं. पुढे बापू, मागे आमची दहा बासऱ्यांची रांग, त्यामागे चार ढोल. अशी मिरवणूक गल्लीपासून मैदानापर्यंत जाते. वाजवायची चाल एकच, बापूंनीच बसवलेली. तिला आम्ही गल्लीची चाल म्हणतो.

बापूंचे दोन नियम आहेत. चाल सुरू झाली की त्यांनी हात खाली करेपर्यंत पाय थांबवायचे नाहीत. आणि गोल झाला की ढोल गप्प ठेवून नुसत्या बासऱ्यांवर चाल वाजवायची, गोल आपण केलेला असो नाहीतर आपल्यावर झालेला असो. "जिंकताना कोणीबी वाजवतंय," बापू म्हणतात. "हरताना पोरांना ऐकू आलं पायजे, की गल्ली अजून हाय."

पण संघाचा सेक्रेटरी तानाजी याला बासऱ्या नको झाल्या होत्या. "आवाज पोचत नाही, बापू. जग कुठं चाललंय, आपण पिपाण्या फुंकतोय," असं तो भर बैठकीत म्हणाला. शेवटी ठरलं, की पनवेलच्या सामन्यात बासऱ्यांचा आवाज मैदानभर गेला तर ठीक. नाही गेला तर पुढच्या हंगामापासून डॉल्बी. बापूंनी मान हलवली, पण घरी जाताना ते चप्पल घालायचं विसरले.

माझंही त्यात अडकलेलं होतं. मी घरी बसून चपलांच्या कातडी वेण्या घालते. रेशन आणि दवाखाना सोडला तर बाहेर पडायचं कारण म्हणजे ही रांग. ती मोडली की मी परत उंबऱ्याच्या आत. आणि तरी खरं सांगायचं तर मी बासरी वाजवत नव्हते. पहिल्या वर्षी सरावात माझ्या बासरीतून मांजराची शेपूट पायाखाली यावी तसा आवाज निघाला आणि कट्ट्यावरची माणसं हसली. त्या दिवसापासून मी फुंकच मारली नाही. वेण्या घालून बोटं तयार होतीच. बोटं अगदी बरोबर हलवायची, ओठ बासरीला टेकवायचे आणि श्वास नाकानं सोडायचा. दहांत एक नसली तर कोणाला कळतंय? तीन वर्षं कोणाला कळलं नाही.

शुक्रवार, नवीन पनवेल

आम्हाला बोलावलं होतं दामूशेठनी. नेऱ्याजवळच्या एका गावात त्यांचं घर आणि जमीनजुमला आहे. अंबाबाईच्या दर्शनाला कोल्हापुरात आले होते, तेव्हा रस्त्यात आमची मिरवणूक आडवी आली आणि ते दर्शनाची रांग सोडून आमच्या मागे मैदानावर आले. नंतर त्यांचा फोन आला, "आमच्या गावान मॅच ठेवलीय. टीम आणा, पन बासऱ्या पयल्या आणा."

घाट उतरताना मी झोपले होते, त्यामुळे घाटाविषयी पारूताईलाच विचारावं. मला जाग आली ती घामानं. माघ महिना, आमच्याकडे पहाटे शाल लागते. इथं बसमधून उतरलो तर कोणीतरी कोमट ओलं फडकं तोंडावर टाकल्यासारखं वाटलं.

नवीन पनवेलच्या स्टेशनापासून खेळाडूंची राहण्याची सोय केलेल्या हॉलपर्यंत वाजवत जायचं, म्हणजे लोकांना सामन्याची खबर लागेल, अशी दामूशेठची इच्छा होती. त्यांचा माणूस मोटरसायकलवर पुढे होता. पहिल्याच सिग्नलला तो पुढे निघून गेला आणि आम्ही मागे राहिलो. चाल सुरू झालेली, म्हणजे थांबायचं नाही. बापू वळतील तिकडे आम्ही वळलो.

आमच्याकडे रस्ता चुकला तर पिंपळ, विहीर, कोणाचा तरी निळा दरवाजा बघून सापडतो. नवीन पनवेलच्या सेक्टरात सगळ्या इमारती एकाच आईची लेकरं. तोच रंग, तीच जाळी, जाळीत तीच तुळस. दुसऱ्या मजल्यावर एक बाई कपडे वाळत घालत होती. आम्ही गेलो तशी तिनं वाकून पाहिलं. थोड्या वेळानं परत तशीच बाई कपडे वाळत घालताना दिसली. मला वाटलं, इथं बायकाही सारख्याच असाव्यात. तिसऱ्यांदा दिसली तेव्हा तिच्या हातात तीच लाल चादर होती.

ती धावत खाली आली. "काका, तुम्ही तिसऱ्यांदा जाताय! एनी प्रॉब्लेम?"

बापूंच्या ओठाला बासरी. त्यांनी डोळ्यांनीच आहे म्हणून सांगितलं. पाय थांबवले नाहीत. पारूताई माझ्या शेजारी रांगेत होती, ती बासरी ओठांवर धरूनच म्हणाली, "अहो ताई, हॉल हरवलाय आमचा."

तेवढ्यात वॉचमन आडवा आला. "परमिशन है क्या?"

"अरे जाने दो ना भैया, कितना स्वीट बजा रहे हैं," ती बाई म्हणाली. मग घरातल्या चपला घालून, खांद्यावर तशीच लाल चादर टाकून ती आमच्या पुढे चालू लागली. बापू दुसऱ्या नंबरवर आले. हॉल दोन रस्ते सोडून होता. दारात पोचलो तेव्हा तिनं विचारलं, "पण लग्न कोणाचं आहे?"

शनिवार, पनवेलचा बाजार आणि नेरे

आम्हा बासरी-ढोलवाल्यांची आणि बापूंची सोय दामूशेठच्या घरी होती. डोंगराच्या पायथ्याशी गाव, भात कापून मोकळी झालेली शेतं, मधूनच कोणाचं तरी कुंपण घातलेलं फार्महाऊस. घर तीन मजली, पण दामूशेठची आई यमुनाबाई अंगणातच बसते. अंगभर सोनं, नऊवारी लुगडं, आणि आवाज असा की गोठ्यातली म्हैससुद्धा वळून बघते. मी दारात अंग चोरून उभी होते.

"आवो बाय, लाजता कशाला? आमचे घरान लाजलेली बाय उपाशी ऱ्हाते."

तिनं माझ्या हातात तांदळाची भाकरी ठेवली. पांढरी, पातळ, दुमडली तरी तुटत नाही. आमची ज्वारीची भाकरी म्हणजे शेतकरी आणि ही म्हणजे त्याची नवी सून, असं मला वाटलं. पण ते मी बोलले नाही. चार खाल्ल्या.

मग यमुनाबाईबरोबर पनवेलच्या बाजारात मासळी घ्यायला गेलो. बापूंना बासऱ्यांना लावायला तेल हवं होतं. एका दुकानात पांढऱ्या दाढीचे चाचा होते. बापूंच्या हातातली बासरी बघून ते उठूनच उभे राहिले.

"तुम्ही ते कालचे बासरीवाले ना? माझी मुलगी स्टेशनकडून येताना बघून आली. माशाल्ला! बसा, बसा."

त्यांचा भाऊ जहाजावर कामाला होता. परदेशातल्या कुठल्याशा थंड गावात जहाज लागलं असताना त्यानं मोबाइलवर काढलेला व्हिडिओ चाचांनी आम्हाला दाखवला. पाऊस भुरभुरतोय, रस्त्यावर माणसांच्या रांगा, सगळ्यांच्या ओठांवर आडव्या बासऱ्या, मागे मोठाले ढोल. दोन्ही बाजूंना गळ्यात एकाच रंगाचे पंचे गुंडाळलेली माणसं.

"हे काय देवाचं आहे?" बापूंनी विचारलं.

"धर्माचं, जुन्या लढायांचं, सगळंच आहे म्हणतो भाऊ. आणि फुटबॉलचंही. ज्या मोहल्ल्याचा जो संघ, त्याचीच बासरी. एका मोहल्ल्याची बासरी दुसऱ्याला सोसत नाही. काही गल्ल्यांत लोक नाचतात, काही गल्ल्यांत खिडक्या लावून घेतात. कधी भांडणंही होतात."

"म्हणजे अगदी आमच्यासारखंच की!" बापू म्हणाले. त्यांनी तो व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला, मग पुन्हा. परत येताना गाडीत ते मला म्हणाले, "सुमन, मला वाटायचं आपण एकटेच खुळे हाय. तिकडं बघ, गावंच्या गावं खुळी. पण आपण खिडक्या उघडायला वाजवायचं, काय?" मी मान हलवली. माझ्या बासरीनं कोणाची खिडकी उघडण्याचा प्रश्नच नव्हता, या विचारानं मला फार मेल्यासारखं झालं.

दुपारच्या जेवणात खेकडे होते. आम्ही मटणातली माणसं. हाड कसं धरायचं ते आम्हाला कोणी शिकवायला नको. पण खेकडा ताटात आला तेव्हा सगळे एकमेकांकडे बघत बसलो. बापू मोठे, त्यांनी आधी हात घालायचा. त्यांनी सर्वांत जाडजूड नांगी उचलली, दोन्ही हातांनी धरली आणि ऊस सोलावा तशी दाढेखाली घालून कचकन ओढली.

"आवो मास्तर, थांबा!" यमुनाबाई ओरडली. "त्याला वरवंट्यान ठेचाचा आसतं, दातान नाय!"

उशीर झाला होता. नांगी फुटली आणि तिच्या कडेनं बापूंचा खालचा ओठ उभा चिरला. रक्त आलं. यमुनाबाईनं हळद दाबली, तोंडानं बोलणं चालूच होतं, "काय मानूस हाय! आता हसू नका, बोलू नका, आन ती बासरी तर चार दिस नाय."

"आमच्याकडं उसाला कोन वरवंटा मारत न्हाय," बापू हळदीतून एवढंच म्हणाले.

पारूताईला हसू आवरेना. मलाही आलं. मग एकदम लक्षात आलं, की उद्या सामना आहे.

"काय बिघडलं?" बापू म्हणाले. "माझ्यावाचून अडतंय काय? दहा बासऱ्या हायत की. मी काठी धरून पुढं उभा ऱ्हातो."

ऊन उतरल्यावर आम्ही मागच्या खळ्यात सरावाला उभे राहिलो. तानाजी खेळाडूंबरोबर मैदान बघायला गेला होता, ते एक बरं झालं. बापूंनी ओठावर पट्टी लावली होती. त्यांनी काठी उचलली. ढोल सुरू झाले. दहा बासऱ्या वर गेल्या, साठ बोटं हलू लागली आणि दोन बासऱ्या वाजल्या.

शाळेत शिकवणाऱ्या दोघी बहिणी रांगेच्या टोकाला असतात. त्या दोघींचा आवाज, तोही बिचकत. बाकी सगळीकडे नुसती बोटं. बापूंनी काठी खाली केली. वर झाडाकडे पाहिलं.

"वारं उलटं हाय काय?"

पान हलत नव्हतं.

"परत एकदा."

परत तसंच. आता बापू रांगेजवळ आले आणि एकेकाच्या बासरीला कान लावत चालू लागले. ते माझ्यापाशी आले तेव्हा माझी बोटं चालूच होती, थांबवायची कशी ते सुचत नव्हतं.

"सुमन, बोटं अगदी बरोबर हायत गं," ते हळू म्हणाले. "वारा कुठं हाय?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात पारूताई शेजारून म्हणाली, "बापू, तिला एकटीला काय विचारताय? मीबी तसलीच."

"म्हंजे?"

"म्हंजे मला कधी फुकायला जमलंच न्हाय. पयल्या दिवसापासनं."

मी तिच्याकडे बघतच राहिले. इतकी वर्षं माझ्या कानाशी जो गोड आवाज यायचा तो मी पारूताईचा समजत होते.

"तू वाजवत नव्हतीस?" मी म्हणाले.

"अगं, तू वाजवतीस म्हणून मी निवांत होते की!"

मग पोस्टातून निवृत्त झालेले नाना खाकरले. त्यांना दम लागतो, गेल्या दिवाळीपासून त्यांनी फुंकणं सोडलंय. त्यांच्या शेजारची म्हणाली, नानांचा आवाज मोठा म्हणून ती गप्प असायची. एकेक करत आठ जण निघाले. प्रत्येकाला वाटायचं शेजारचा वाजवतोय. शेजारी कोणीच नव्हतं. पुढे बापू होते.

बापू खळ्याच्या दगडावर बसले. "म्हंजे एवढी वरसं मी आणि ह्या दोघी पोरी?" ते म्हणाले. त्यांचा चेहरा बघवेना. "मग तानाजीचं काय चुकलं? उद्या कळंल सगळ्यांना."

यमुनाबाई ओटीवर वाल निवडत बसली होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"मास्तर, रडताव कशाला? आमी लग्नान धवले गातो. समदा धवला एकलीला येत नाय. एक बाय सुरू करते, तिचा दम सरला का दुसरी उचलते, तिला आठवत नाय तवा तिसरी सांगते. आजवर त्यापायी लगीन अडलंय का? ह्या बायांला समदी चाल येत नाय तर जेवढी येते तेवढी वाजवूं दे."

बापूंनी ओठावरची पट्टी नीट केली. मग उठले. "सुमन, तू आधी ये. एक सूर काढ. कुठलाबी."

सगळ्यांसमोर. मी बासरी ओठांना लावली. पहिल्यांदा नुसती हवा गेली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा वरची तीन भोकं दाबली आणि कुठूनतरी एक बारीकसा सूर आला.

"सा," बापू म्हणाले. "हा तुझा. दुसरं काय वाजवायचं न्हाय."

असं करत त्यांनी आठ जणांना आठ जागा वाटल्या. पारूताईला पंचम निघाला, तो तिच्यासारखाच मोठा. नानांना दम कमी, म्हणून त्यांना सगळ्यांत आखूड सूर. आपला सूर आला की फुंकायचा, नाही तेव्हा बोटं हलवायची, ती सवय सगळ्यांना होतीच. मधले अवघड तुकडे दोघी बहिणींनी घ्यायचे. चाल सगळ्यांना बोटांनी पाठ होती, त्यामुळे आपली पाळी कधी येते ते सांगावं लागलं नाही.

एकच अडचण होती. गल्लीची चाल सुरू होते ती लांब 'सा'नं.

"बापू, तेवढं दुसऱ्या कोणालातरी," मी म्हणाले.

"त्या दोघींच्या वाट्याला मधलं अवघड हाय. दुसऱ्या कोनाला तो सूर न्हाय, पोरी."

रविवार, नदी आणि मैदान

सकाळी बापू आम्हाला गाढी नदीवर घेऊन गेले. पाणी थोडं, दगड पुष्कळ. आम्ही दगडांवर लांब लांब बसून आपापला सूर घोटत होतो. धुणं धुणाऱ्या बायकांनी आधी कान टवकारले, मग एकीनं विचारलं, "बाय, तुमचा एवडाच येते का?" मी हो म्हणाले. ती म्हणाली, "बरा हाय. साधा हाय." हे कौतुक की काय ते कळलं नाही, पण पुढचे दहा सूर चांगले लागले.

सामना चारला. भाताच्या खाचरांचे बांध काढून सपाट केलेलं मैदान, चारही बाजूंना माणसं, बायका वेगळ्या बांधावर, सगळ्या सोन्यानं मढलेल्या, मांडीवर नातवंडं. आमच्याकडे मैदानावर बायका इतक्या पुढे बसत नाहीत. इथं त्या पंचालाही नावानं हाक मारत होत्या. समोरचा संघ दामूशेठच्या गावचाच. त्यांच्या पाठीराख्यांनी बँजो पार्टी आणली होती, टेम्पोवर कर्णे बांधून. बँजो सुरू झाला की माझ्या पोटातली भाकरीसुद्धा नाचायची.

आत येताना आम्ही ढोलासह वाजवलं. माझा 'सा' ढोलाखाली लपला. तानाजी खेळाडूंच्या बाकाजवळ उभा होता, हाताची घडी घालून. बापूंच्या ओठाचं त्याला सांगितलं होतं, बाकी काही नाही.

दहाव्या मिनिटाला आमच्यावर गोल झाला.

बँजो दणाणला. टेम्पोभोवती माणसं नाचली, बांधावरच्या बायकांनी हात वर केले. आमची पोरं कमरेवर हात ठेवून खाली बघत उभी. ते सगळं थोडं कमी झालं आणि बापूंनी काठी उचलली. ढोल गप्प. नऊ माणसं माझ्याकडे बघत होती. तानाजीही बघत होता.

मी फुंकलं. नुसती हवा. मला वाटलं, शेत फाटून मला पोटात घेईल तर बरं. बापूंनी काठी खाली केली नाही. तशीच वर धरून ते उभे राहिले, जसं काही त्यांना दुसरं कामच नव्हतं. मी परत फुंकलं आणि सूर आला. शेळीच्या पिल्लासारखा थरथरता, पण आला. त्याच्या शेवटाला शेजारणीनं पुढचा उचलला, मग नानांचा आखूड, मग दोघी बहिणी, मग पारूताईचा पंचम. चाल एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जात रांगेच्या टोकापर्यंत गेली.

आवाज फार नव्हताच. पण टेम्पोवरच्या माणसानं मान वळवली आणि हातानं आपल्या पार्टीला थांबवलं. बासरी अशी आहे, की ऐकायची तर आपण गप्प बसावं लागतं. मैदानाची पलीकडची कडसुद्धा गप्प झाली. आमच्या गोलकीपरनं मान वर केली. चाल संपली तेव्हा बांधावरून यमुनाबाईचा आवाज आला, "आजून एकदा वाजवा गो!"

एकदा कशाला. अर्ध्या तासात दुसरा गोल झाला. या वेळी माझा सूर पहिल्याच फुंकेला लागला. तिसराही झाला. पारूताई माझ्या कानाशी म्हणाली, "सुमे, आनखी एक खाल्ला तर तुझा सूर पक्का होतोय बघ." मला इतकं हसू आलं की 'सा' हसतच निघाला. नंतर आमच्या पोरांनी एक परत केला आणि चौथ्यांदा चाल वाजली. तेव्हा टेम्पोवरच्या बँजोवाल्यानं हळूच खालच्या सुरात साथ धरून दिली. मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मान हलवली, म्हणजे तुम्ही वाजवा.

तीन विरुद्ध एकनं हरलो. दामूशेठनी खेळाडूंना नारळ दिले. यमुनाबाईनं आमच्या रांगेत प्रत्येकाच्या हातात सुक्या मासळीची पुडी ठेवली आणि मला म्हणाली, "आता लाजू नको. लाजायचा आसंल तर सूर लागल्यावर लाज."

परतीच्या बसमध्ये तानाजी पुढून उठून आमच्याकडे आला आणि पायरीवर बसला. बापूंनीच तोंड उघडलं, पट्टीतून. "काय रं? डॉल्बी?"

तानाजी जमिनीकडे बघत होता. "बापू, एक सांगू? मागच्या हंगामात मी एकदा रांगेच्या मागं उभा ऱ्हायलो. पाठीमागनं सगळं दिसतंय. बोटं सगळ्यांची, आवाज तुमचा. म्हटलं, हे बापूंना कुठल्या तोंडानं सांगायचं? त्यापेक्षा डॉल्बी आणावी. तुम्ही माझ्यावर चिडला असता, पण ह्यांच्यावर न्हाय."

बस बोगद्यात शिरली आणि बाहेर आली तशी बापूंनी तानाजीच्या पाठीत एक धपका घातला. मग म्हणाले, "गाढवा, एवढे दिवस मी तुला शिव्या दिल्या."

"त्या पोचल्या," तानाजी म्हणाला. "त्यांचा आवाज बरोबर पोचत होता."

पहिली पारूताई हसली, मग सगळी बस. बापूंना हसताना ओठ दुखत होता, ते एका हातानं ओठ धरून हसत होते. तानाजी उठता उठता माझ्यापाशी थांबला. "वैनी, पयल्यांदा जेव्हा हवा गेली न्हवं, तेव्हा माझाच जीव वर आला. दहाच्या दहा वाजल्या आज. डॉल्बी ऱ्हाऊ दे." मी मान खाली घातली. पण ऐकलं सगळं.

कोल्हापूर यायच्या आत बापूंनी नवा नियम केला. दर गुरुवारी सरावाच्या आधी एकेकानं एकट्यानं पुढे येऊन वाजवायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. दर महिन्याला एक नवा सूर. हसायची परवानगी आहे, पण हसणाऱ्यानं लगेच स्वतः वाजवून दाखवायचं.

उद्या गुरुवार आहे. चाल माझ्यापासून सुरू होते, म्हणून पहिली पाळी माझी. 'रे' अजून नीट निघत नाही. दुपारी घरात कोणी नसताना चपलांचं काम बाजूला ठेवून मी अर्धा तास फुंकत बसले होते. मग लक्षात आलं, की खिडकी उघडीच होती, आणि समोरच्या घरातली म्हातारी काठीवर हनुवटी टेकून ऐकत होती. मी थांबले तशी म्हणाली, "का थांबलीस?"